नवी किडनी आणि दुखरा मणका: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात सायटिकाबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीच अशा घरांतून आली जिथे कोणाचं तरी किडनी ट्रान्सप्लांट झालंय किंवा व्हायचंय. सगळ्यांची तक्रार साधारण एकच, मणक्याचे डॉक्टर म्हणतात तुमच्या नेफ्रोला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरला, विचारून या, नेफ्रो म्हणतात ऑपरेशनचं सर्जनच ठरवतील, आणि रिपोर्टची पिशवी घेऊन आम्ही दोघांच्या मधे फिरतोय. मी स्वतः नेफ्रोलॉजिस्ट आहे, म्हणजे या फेऱ्या मारायला लावणाऱ्यांपैकीच एक, म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतेय. चार पत्रं घेतली आहेत, नावं काढून टाकली आहेत.

इचलकरंजीहून एक ताई लिहितात:

*मॅडम, माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट २०१७ मधे झालं, किडनी सासूबाईंनी दिली. क्रिएटिनिन १.३ च्या आसपास असतं, गोळ्या वेळेवर चालू आहेत. पण गेलं वर्षभर कंबर आणि डावा पाय इतका दुखतो की शे-दोनशे पावलं चालले की बसावंच लागतं, बसले की बरं वाटतं. कारखान्यात उभं राहायचं काम आहे ते जवळजवळ बंदच झालंय. एमआरआयमधे चौथा मणका पाचव्यावर पुढे सरकलाय आणि नस दबलीये असं आलं. व्यायाम, पट्टा, मणक्यातलं इंजेक्शन सगळं करून झालं. आता सर्जन म्हणतात स्क्रू घालून फिक्स करू. सासूबाई रडतात, म्हणतात माझी किडनी त्या ऑपरेशनमधे जाणार. सक्सेस रेट किती असतो आणि किडनी टिकेल का?*

ताई, आधी सासूबाईंना सांगा की त्यांची भीती अगदी बरोबर आहे, आपल्या पोटातलं काढून दिलंय त्यांनी, त्या नाही विचारणार तर कोण विचारणार. आणि मग हेही सांगा की नीट चाललेली ट्रान्सप्लांटची किडनी असलेल्या माणसाचं मणक्याचं ऑपरेशन होतं, जगभर होतं, आपल्याकडेही होतं, आणि बहुतेकांचा पाय मोकळा होतो, चालणं सुधारतं. किडनी बदललीये म्हणून नस मोकळी झाल्याचा फायदा कमी होतो असं नाही. फरक पडतो तो ऑपरेशनच्या आजूबाजूच्या दिवसांत.

टक्क्यात सक्सेस रेट विचारलाय, तो मी देणार नाही आणि कोणी छातीठोकपणे दिला तर त्यांना विचारा कुठल्या पेशंटांवरून काढला. या विषयावरचे मोठे अभ्यास बहुतेक अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या नोंदी मागे जाऊन चाळून केलेले आहेत, त्यात कोण किती दिवस ॲडमिट होतं, कोणाला काय कॉम्प्लिकेशन झालं हे कळतं पण पेशंटच्या रक्तात टॅक्रोची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमसची) लेव्हल किती होती, ऑपरेशनमधे बीपी किती पडलं हे बहुतेक नोंदीत नसतंच. तरी त्यातून चित्र बऱ्यापैकी सारखं दिसतं. ट्रान्सप्लांट झालेल्यांना इतरांपेक्षा हॉस्पिटलमधे जास्त दिवस राहावं लागतं, रक्त चढवायची वेळ जास्त येते, क्रिएटिनिन (किडनीचं काम कमी झालं की रक्तात वाढणारा आकडा) तात्पुरतं वाढायचं प्रमाण जास्त, जखमेचं किंवा लघवीचं इन्फेक्शन जास्त. डायलिसिसवर असताना मणक्याचं ऑपरेशन करून घेणाऱ्यांपेक्षा मात्र नीट चाललेली किडनी असलेल्यांचं खूपच बरं असतं. माझ्या पेशंटांत मी पाहिलंय ते असं की क्रिएटिनिन वाढलं तरी वेळेत लक्ष दिलं तर बहुतेकांचं खाली येतं, आणि ज्यांचं आलं नाही त्यांच्या बाबतीत कारण सर्जनच्या चाकूपेक्षा दुसरंच काहीतरी निघालं, ते खाली सांगतेच.

आता ही किडनी असते कुठे ते समजून घ्या कारण अर्धी काळजी त्यातच आहे. जुन्या दोन किडन्या पाठीकडे जिथे असतात तिथेच राहतात, नवी मात्र पोटाच्या खालच्या भागात, बहुतेकदा उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट जागेत बसवतात आणि तिची रक्तवाहिनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला जोडतात. ही जागा १९५१ मधे पॅरिसच्या रने क्यूस या सर्जननी वापरली, १९५४ मधे बॉस्टनला जोसेफ मरे यांच्या टीमने जुळ्या भावांमधे जगातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट केलं तेही याच पद्धतीने, आणि आपल्याकडे वेल्लोरला १९७१ पासून हीच पद्धत. तुमच्या मिस्टरांना उताणं झोपवून उजव्या जांघेच्या वर हात ठेवलात तर ती हाताला लागेल, फक्त कातडी आणि पोटाचे स्नायू एवढंच तिच्यावर असतं.

आणि मणक्याचं ऑपरेशन होतं पालथं झोपवून. म्हणजे तीन-चार तास माणूस नेमका त्या बाजूवर. ऑपरेशनच्या टेबलवर छातीखाली, कमरेच्या हाडांच्या पुढच्या टोकांखाली आणि मांड्यांखाली गाद्या असतात आणि पोट मधे लोंबतं ठेवतात, ते किडनीसाठी नाही तर सगळ्यांसाठीच, कारण पोट दाबलं गेलं तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. आपल्या पेशंटमधे ती कमरेखालची गादी दोन बोटं आत सरकली तरी किडनीवर येते. म्हणून माझी एक सवय आहे, आदल्या संध्याकाळी वॉर्डात जाऊन मार्कर पेनने पेशंटच्या पोटावर किडनीएवढा गोल काढते आणि आत ‘किडनी’ असं लिहिते. पेशंटला हसू येतं. पण सकाळी पेशंट पालथा झाल्यावर भूलतज्ज्ञ खालून हात घालून तो गोल हवेत मोकळा आहे ना हे चाचपून बघतात, आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या ऑपरेशनमधलं ते सगळ्यात महत्त्वाचं मिनिट. तुमच्या सर्जनना हे सांगायला अजिबात लाजू नका. पोटाच्या बाजूने जाऊन मणक्यापर्यंत पोचायचे ऑपरेशनचे काही प्रकार आहेत, त्यात किडनी वाटेत येऊ शकते, तसं काही ठरत असेल तर ट्रान्सप्लांट सर्जनशी बोलल्याशिवाय नको. आणि कमरेच्या हाडाचा तुकडा काढून मणक्यात घालायचा असेल तर तो किडनीच्या बाजूने पुढून काढू नये.

मिस्टरांच्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी, अजून असेल तर त्या हातावर बीपीचा पट्टा नको, सुई नको, आणि पालथं असताना तो हात दबलेला नको. छोटी गोष्ट आहे पण विसरली जाते.

आता गोळ्या. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही तिकडी असेल असं धरून चालते. टॅक्रो ऑपरेशनच्या सकाळी पण नेहमीच्या वेळेला घोटभर पाण्याबरोबर घ्यायची, उपाशी राहायचं म्हणून गाळायची नाही, फक्त त्या सकाळी लेव्हलचं रक्त काढणार असतील तर आधी रक्त मग गोळी. प्रेडनिसोलोन वर्षानुवर्षं पाच मिलिग्रॅम का असेना, घेतली की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं बरंचसं सोडून देतं, त्यामुळे ती एकदम बंद झाली तर ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतं, म्हणून ती चालूच ठेवतात आणि मोठ्या ऑपरेशनमधे गरजेनुसार वरून हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देतात. सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस चालू असेल तर मात्र वेगळं, त्यांनी जखम भरायला वेळ लागतो, ठरवून करायच्या ऑपरेशनआधी काही आठवडे ती बदलून घ्यावी लागते, म्हणजे तारीख घ्यायच्या आधी नेफ्रोकडे जायचं, तारखेच्या आदल्या दिवशी नाही. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी त्या सकाळी बहुतेकदा थांबवतात, ते भूलतज्ज्ञ सांगतील. आणि ॲडमिट असताना हॉस्पिटलच्या फार्मसीतून टॅक्रोचा दुसराच ब्रँड आला तर घेऊ नका, घरून आपला डबा न्या आणि नर्सला दाखवा, ब्रँड बदलला की लेव्हल बदलू शकते आणि ऑपरेशनच्या आठवड्यात ती भानगड नकोच.

किडनी खरी जाते कशाने ते आता सांगते. पेनकिलरने. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब, ही सगळी एकाच घरातली. टॅक्रो किडनीत रक्त आणणारी बारीक नळी आवळते, शरीर ती नळी उघडी ठेवायला एक रसायन सोडत असतं, आणि ही पेनकिलर नेमकं तेच रसायन बनायचं थांबवतात. म्हणजे दोन्हीकडून फास. त्यात ऑपरेशनमुळे थोडं रक्त गेलेलं, पाणी कमी पडलेलं, मग क्रिएटिनिन वर जायला दोन दिवस पुरतात. माझ्या एका पेशंटचं ऑपरेशन उत्तम झालं, टाके निघाले, घरी गेला, आठवड्याने कंबर दुखली म्हणून गावातल्या दवाखान्यात गेला तर तीन दिवस रोज एक इंजेक्शन. त्यांना ट्रान्सप्लांटचं माहीतच नव्हतं आणि यानेही सांगितलं नाही, त्याला वाटलं मणक्याचं दुखतंय तर किडनीचं कशाला सांगायचं. क्रिएटिनिन १.४ वरून २.९. पंधरा दिवसांनी १.७ ला थांबलं, पुन्हा १.४ कधी झालं नाही. मला त्या तीन इंजेक्शनांचं अजून वाईट वाटतं. पॅरासिटामॉल चालतं, ट्रामाडोल जपून चालतं, प्रेगाबालिन आणि गाबापेंटिन किडनीच्या कामाप्रमाणे डोस कमी करून, मॉर्फीनपेक्षा फेंटानिल बरं. आणि स्ट्रिपच्या मागचं वाचा, नुसती ‘दुखण्याची गोळी’ म्हणून जे मिळतं त्यात पॅरासिटामॉलच्या जोडीला ॲसिक्लोफेनॅक बसलेलं असतं.

तसंच जेंटामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं शक्यतो टाळायची. ऑपरेशननंतर पोट साफ होत नाही तेव्हा फॉस्फेटवाला एनिमा देतात तो नको, इसबगोल, लॅक्टुलोज चालेल. जुलाब झाले तर ते मात्र लगेच कळवा, जुलाबात टॅक्रोची लेव्हल चढते हे फार लोकांना माहीत नसतं. घरी भेटायला येणारे शहाळी आणतात, त्या आठवड्यात पोटॅशियम बघितल्याशिवाय शहाळं नको. पपनसही नको, ते ग्रेपफ्रूटच्या कुळातलं, त्यानेही लेव्हल वर जाते.

तुम्ही लिहिलंय की शे-दोनशे पावलांवर बसावं लागतं आणि बसलं की बरं वाटतं, ही नस दबल्याचीच खूण, आणि बाकी उपाय करून झालेत, तेव्हा सर्जनचा सल्ला मला घाईचा वाटत नाही. फक्त तारखेआधी हे करून घ्या, व्हिटॅमिन डी, पीटीएच (हाडातल्या कॅल्शियमवर परिणाम करणारं हार्मोन) आणि हाडांची डेक्सा तपासणी, कारण आधीची किडनीची बिघाडाची वर्षं आणि नंतरचं स्टेरॉइड यांनी हाड पोखरलेलं असतं आणि पोकळ हाडात स्क्रू धरत नाही, हे सर्जनला आधी कळलं तर ते सिमेंटची किंवा वेगळ्या स्क्रूची तयारी ठेवतात. तीन महिन्यांची साखर बघा. आणि मावा खात असतील तर बंद, आजच, निकोटिनने मणके जुळत नाहीत. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस क्रिएटिनिन रोज, टॅक्रो लेव्हल एक-दोन दिवसांआड, लघवी मोजायची. घरी गेल्यावर रोज सकाळी जखम बघा. ताप येईल तेव्हा इन्फेक्शन समजू असं धरून बसू नका, यांच्या गोळ्या तापालाही दाबतात, जखम ओली दिसली, दुखणं कमी होऊन परत वाढलं, एवढ्यावर फोन करायचा.

पुण्याहून एक मुलगा लिहितो:

*वडील ५८ वर्षांचे, नऊ वर्षं डायलिसिसवर आहेत, कॅडॅव्हर (मृत दात्याच्या) किडनीसाठी झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयवांची वेटिंग लिस्ट ठेवणाऱ्या संस्थेकडे, नाव नोंदवलंय. आता मान दुखते, दोन्ही हातांना मुंग्या, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, चालताना झोक जातो. मानेच्या एमआरआयमधे मज्जारज्जू दाबला गेलाय. नातेवाईक म्हणतात आधी किडनी मिळू दे मग मानेचं बघू, कारण डायलिसिसवर ऑपरेशन धोक्याचं. बरोबर आहे का?*

दादा, डायलिसिसवर ऑपरेशन धोक्याचं हे अर्धं बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यामुळे मी हे पत्र छापायच्या आधीच तुम्हाला फोन करवला. बटणं लावता येत नाहीत आणि चालताना झोक जातो याचा अर्थ मज्जारज्जू नुसता दाबला गेलेला नाही, तो कामातून जायला लागलाय. तिथे गेलेलं सगळं परत येतंच असं नाही, ऑपरेशन मुख्यतः आणखी जाऊ नये म्हणून करतात. कॅडॅव्हर किडनी कधी मिळेल हे कोणाच्या हातात नाही, सहा महिने, तीन वर्षं, काहीही. त्या भरवशावर मज्जारज्जू ठेवता येत नाही.

दुखणं नुसतं मानेचं असतं, मुंग्या नसत्या, ताकद शाबूत असती आणि घरात डोनर तयार असता तर मी उलटं सांगितलं असतं, आधी ट्रान्सप्लांट करून घ्या, किडनी स्थिर होऊ द्या, साधारण सहा महिने ते वर्ष जाऊ द्या आणि मग कमी धोक्यात मणका करा. पहिल्या काही महिन्यांत इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्यांचे डोस सगळ्यात जास्त असतात, तेव्हा ठरवून करायचं ऑपरेशन शक्यतो घेत नाहीत. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती चैन नाही.

इतकी वर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या मानेत एक वेगळाच प्रकार होतो. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन डायलिसिसमधे पूर्ण निघत नाही, ते साठत जाऊन सांध्यांत आणि मणक्यांच्या गाद्यांत बसतं आणि मणके झिजतात, जास्त करून मानेचे. रिपोर्टवर कधी कधी ते इन्फेक्शनसारखं दिसतं. हाताच्या मुंग्यांना मनगटातली नस दबल्याचंही कारण असू शकतं, तीही याच प्रथिनाने दबते, म्हणून नर्व्ह कंडक्शनची टेस्ट करून घ्या म्हणजे कुठला त्रास कुठून येतोय ते सर्जनला कळेल.

ऑपरेशन ठरलं की डायलिसिस आदल्या दिवशी आणि रक्त पातळ करणाऱ्या हेपरिनशिवाय, नंतरचे एक-दोनही तसेच. आणि एक गोष्ट जी मणक्याच्या वॉर्डात कोणाच्या लक्षात येत नाही, वडील किडनीच्या यादीत आहेत म्हणून रक्त चढवायची वेळ आलीच तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा. दुसऱ्याच्या रक्तातल्या पेशींमुळे शरीरात अँटीबॉडी तयार होतात आणि मग पुढे येणारी किडनी क्रॉसमॅचमधे (दात्याशी रक्त जुळतं का बघायच्या टेस्टमधे) जुळत नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी काही आठवडे इंजेक्शनं आणि आयर्न देऊन वर आणता येतं, तेवढा वेळ असेल तर, वडिलांना बहुधा नाही. झेडटीसीसीच्या यादीबद्दल तुमच्या हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरना कळवून ठेवा, बरे होईपर्यंत नाव तात्पुरतं थांबवतील, नंतर पुन्हा चालू करायचं. आणि पुढे ट्रान्सप्लांटच्या वेळी भूलतज्ज्ञांना मानेचं आठवणीने सांगायचं, भूल देताना नळी घालायला मान मागे वाकवतात, ते त्यांना माहीत हवं.

नाशिकहून एक ताई लिहितात:

*आईचं ट्रान्सप्लांट होऊन तीन वर्षं झाली. दोन महिने पाठ दुखते, रात्री जास्त, वजन पाच किलो कमी झालं, ताप नाही. एमआरआयमधे पाठीच्या दहाव्या-अकराव्या मणक्यात टीबी वाटतोय, बाजूला पू आहे. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन, दुसरे म्हणतात गोळ्या. गोळ्यांनी किडनीला काही होईल का?*

ताई, ताप नसणं यात काही नवल नाही, वर लिहिलंच. आपल्या देशात ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाची पाठ रात्री दुखत असेल आणि वजन उतरत असेल तर टीबी डोक्यात आधी यायलाच हवा, पण डोक्यात आला म्हणून गोळ्या सुरू करायच्या नाहीत. आधी सुईने तिथला पू किंवा हाडाचा तुकडा काढून जीन एक्सपर्ट (टीबीचा जंतू शोधायची टेस्ट) आणि कल्चरला पाठवायचा. दाबलेल्या इम्युनिटीत बुरशी किंवा दुसरे जंतूही असंच चित्र करतात, आणि टीबी असला तरी कुठलं औषध लागू आहे ते कळतं. वर्ष-दीड वर्षाची गोळ्यांची लढाई आहे, अंदाजाने सुरू करण्यात मला अर्थ वाटत नाही.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. मणक्याचा टीबी म्हणजे पॉट्स डिसीज, लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मधे त्याचं वर्णन केलं तेव्हा गोळ्याच नव्हत्या, आता आहेत आणि त्यांनी हाड भरून येतं. पायातली ताकद जात असेल, लघवी अडत असेल, मणका कोसळून बाक येत असेल, गोळ्या चालू असूनही पू वाढत असेल, यातलं काही असेल तर ऑपरेशन, आणि तेव्हा थांबायचं नाही. आईला यातलं काही नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं, तरी रोज त्यांना पायाच्या बोटांवर आणि टाचांवर चालायला लावा आणि स्वतः बघा.

किडनीला गोळ्यांनी काय होईल हा मात्र खरा प्रश्न. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन टॅक्रोला लिव्हरमधे इतक्या वेगाने संपवतं की दोन आठवड्यांत लेव्हल जमिनीवर येते, तेव्हा टॅक्रोचा डोस दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त करावा लागतो, नाही केला तर शरीर किडनी नाकारतं. म्हणून काही वेळा रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन देतात, त्याचा हा दणका कमी असतो. एथाम्ब्युटॉलचा डोस किडनीप्रमाणे. सरकारी टीबी केंद्रावर नोंदणी करालच, पण तिथल्या डॉक्टरांच्या हातात नेफ्रोची चिठ्ठी द्या आणि पहिले दोन महिने आठवड्याला लेव्हल करा. आणि कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा, कोर्स संपून रिफाम्पिसिन बंद झालं की दोनेक आठवड्यांत उलटं होतं, वाढवलेली टॅक्रो तशीच राहिली तर लेव्हल भयंकर चढते. सगळे आनंदात असतात, टीबी संपला म्हणून पेढे वाटतात, आणि त्याच पंधरवड्यात हात थरथरायला लागतात आणि क्रिएटिनिन वाढतं. असं मी दोनदा बघितलंय.

काढे, भस्मं नकोत. गुळवेल तर अजिबात नको, ती इम्युनिटी वाढवते म्हणूनच विकतात ना, आणि आईची इम्युनिटी आपण मुद्दाम दाबून ठेवलीये.

रत्नागिरीहून एक काकू लिहितात:

*माझं वय ६१, किडनी बदलून दीड वर्ष झालं, मुलीने दिली. मागच्या महिन्यात विहिरीवर कळशी उचलताना पाठीत कट्‌ असा आवाज झाला, तेव्हापासून उठता-बसता जीव जातो. एक्स-रेमधे मणका चेपलाय म्हणाले. शेजारचे हाडवैद्याकडे चला म्हणतात. ऑपरेशन करावं लागेल का?*

काकू, हाडवैद्याकडे जाऊ नका, मालीशही नको आणि कोणाला पाठीवर गुडघा ठेवू देऊ नका. स्टेरॉइडने हाड खडूसारखं झालेलं असतं, ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या वर्षात ते सगळ्यात जोरात झिजतं, म्हणून नुसत्या कळशीने चेपलं. एक मणका चेपलाय तर शेजारचाही तितकाच कच्चा आहे असं धरा.

बहुतेक वेळा स्क्रूचं ऑपरेशन लागत नाही. पट्टा, थोडी विश्रांती पण पूर्ण अंथरूण धरायचं नाही, पॅरासिटामॉल, आणि सहा ते आठ आठवड्यांत दुखणं उतरत जातं. उतरलं नाही तर नुसती जागा बधिर करून किंवा हलकी भूल देऊन सुईतून मणक्यात सिमेंट भरतात, दुसऱ्या दिवशी घरी. पाय लुळा पडायला लागला किंवा लघवी कळेनाशी झाली तरच घाईचं ऑपरेशन, आणि त्यासाठी रात्र असली तरी निघायचं.

आधी साधा एमआरआय करून घ्या, त्याला रंगाचं इंजेक्शन लागत नाही, म्हणजे तो चेपलेला मणका टीबीचा नाही ना हे कळेल. दुखणं पाठीपेक्षा जांघेत जास्त असेल तर खुब्याचाही एक्स-रे आणि एमआरआय करायचा, स्टेरॉइडने खुब्याचा गोळा सुकतो आणि माणूस पाठ पाठ करत राहतो. मग हाडाची ट्रीटमेंट. पीटीएच आणि व्हिटॅमिन डी बघून नेफ्रो ठरवतील, झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षाचं इंजेक्शन किडनीच्या कामाचा आकडा (क्रिएटिनिन क्लिअरन्स) ३५ च्या खाली असेल तर देत नाहीत, डेनोसुमॅबचं इंजेक्शन देता येतं पण ते दर सहा महिन्यांनी घ्यावंच लागतं, मधेच सोडलं तर हाड झपाट्याने झिजून एकापाठोपाठ मणके चेपतात, तेव्हा रत्नागिरीहून दर सहा महिन्यांनी यायचं जमणार आहे का ते आधी मुलीशी बोलून घ्या.

कळशी आता नाही उचलायची. विहिरीवर पंप बसवायला तीन वर्षं झाली मिस्टर टाळताहेत असं तुम्ही पत्राच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, त्यांना हे पान दाखवा.